ली वादळाचे नऊ दिवस: महासंगणकाने लिहिलेली वही आणि ती वाचणारे मॉडेल

५ सप्टेंबर २०२३ रोजी अटलांटिक महासागरातल्या एका वादळाला 'ली' हे नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी ते हरिकेनच्या दर्जाला पोहोचले. त्यानंतर अवघ्या २४ तासांत त्याच्या वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटरवरून २६५ किलोमीटरवर गेला, म्हणजे थेट पाचव्या, सर्वात वरच्या श्रेणीत. एका दिवसात एवढी उसळी अटलांटिकमध्ये क्वचितच दिसते. वादळ तेव्हा कॅरिबियन बेटांच्या पूर्वेला भर समुद्रात होते आणि मोठा किनारा अजून बराच लांब होता. हवामानशास्त्रज्ञांपुढे तेव्हा एक मोठा प्रश्न होता: हे वळणार कधी आणि धडकणार कुठे?

१६ सप्टेंबरला ते कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, लाँग आयलंड नावाच्या एका छोट्या बेटावर धडकले. तोपर्यंत त्याचा जोर ओसरून वारे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास आले होते. याच प्रांताने आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, फियोना वादळाचा तडाखा सोसला होता. त्यामुळे 'ली'कडे तिथे सगळ्यांचेच डोळे लागलेले होते.

गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे 'ग्राफकास्ट' हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल त्या काळात युरोपीय हवामान केंद्राच्या संकेतस्थळावर प्रायोगिक स्वरूपात रोज चालवले जात होते. ते बनवणाऱ्या चमूने नंतर मांडलेली नोंद अशी: ग्राफकास्टने 'ली' नोव्हा स्कोशियावर धडकणार हे सुमारे नऊ दिवस आधी दाखवले. पारंपरिक अंदाज तोवर इकडे तिकडे हलत होते, आणि ते त्या जागेवर स्थिरावले सुमारे सहा दिवस आधी. नऊ दिवस आधी म्हणजे साधारण ७ सप्टेंबर. वादळ भर समुद्रात भडकत होते त्याच दिवशी मॉडेलने ते कुठे जाऊन संपेल हे सांगितले होते.

ही घटना तेव्हापासून अनेकदा सांगितली गेली आहे, बहुतेक वेळा एकाच सुरात: महासंगणकाला तासन्तास लागणारे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने एका चिपवर मिनिटभरात केले, आता महासंगणकाचे दिवस भरले. घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र मला साफ चुकीचा वाटतो. का, ते सांगण्यासाठी हे प्रकरण मुळापासून उलगडायला हवे.

वही कोणी लिहिली

हवामानाचा अंदाज आकडेमोडीने काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश गणितज्ञाने केला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना त्याने २० मे १९१० या दिवसाची निरीक्षणे घेऊन सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे हाताने मोजले. त्या आकडेमोडीला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर आले १४५ हेक्टोपास्कलची वाढ. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. १९२२ मध्ये त्याने हे अपयश प्रामाणिकपणे छापले आणि सोबत एक कल्पनाही मांडली: एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे बसून पृथ्वीच्या आपापल्या तुकड्याचे गणित करत आहेत, आणि हवामान घडते त्याच वेगाने ते मोजले जात आहे.

रिचर्डसनची समीकरणे चुकलेली नव्हती. सुरुवातीच्या निरीक्षणांमध्ये दाब आणि वारे यांचा मेळ बसत नव्हता, आणि त्या लहानशा विसंगतीने पुढचे सगळे गणित बिघडवले. आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी अनेक दशकांनी तीच निरीक्षणे आधी नीट संतुलित करून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर समंजस आले. हवामान अंदाजाचे अर्धे शास्त्र 'आत्ता नेमके काय चालले आहे' हे ठरवण्यात असते. 'ली'च्या प्रकरणाची किल्लीही तिथेच आहे.

१९५० मध्ये एनिॲक संगणकावर पहिले यशस्वी अंदाज निघाले. २४ तासांच्या अंदाजाला जवळजवळ २४ तासच लागत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय केंद्राने १ ऑगस्ट १९७९ रोजी आपला पहिला नियमित मध्यम पल्ल्याचा अंदाज दिला. आज या केंद्राचा महासंगणक इटलीतल्या बोलोन्या शहरात आहे आणि त्यात दहा लाखांहून अधिक कोअर, म्हणजे एकाच वेळी गणित करणारे घटक, आहेत. दरम्यानच्या काळात अंदाजाचा उपयुक्त पल्ला दर दशकाला साधारण एका दिवसाने वाढत गेला. जगभरच्या लोकांनी चाळीस-पन्नास वर्षे खपून मिळवलेली ही कमाई आहे, आणि विसाव्या शतकातल्या विज्ञानाच्या मोठ्या यशांत मी तिला निःसंकोच बसवीन.

याच महासंगणकांवर या केंद्राने आणखी एक काम केले, ज्याचा बाहेर फारसा गवगवा झाला नाही. जुन्या काळाची सगळी निरीक्षणे, म्हणजे हवामान फुगे, जहाजे, विमाने, किनाऱ्यावरची केंद्रे, उपग्रह, असे सगळे गोळा करून भौतिकशास्त्राच्या एकाच मॉडेलमधून पुन्हा चालवायची, आणि भूतकाळातल्या प्रत्येक तासाला पृथ्वीच्या वातावरणाची स्थिती काय होती याचे एक सलग, सुसंगत चित्र तयार करायचे. याला पुनर्विश्लेषण म्हणतात. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे नाव ईआरए-५. ती १९४० पासून आजपर्यंतची आहे, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर (म्हणजे दर ३१ किलोमीटरला एक बिंदू), जमिनीपासून वर १३७ थरांमध्ये, दर तासाची. आणि ती कोणालाही मोफत मिळते.

निरीक्षणे विखुरलेली असतात. भर अटलांटिकमध्ये १९८५ साली एखाद्या मंगळवारी पाच किलोमीटर उंचीवर वारा किती होता, हे कोणी मोजलेले नाही. आजूबाजूच्या मोजमापांवरून आणि भौतिकशास्त्राच्या नियमांवरून महासंगणक ती रिकामी जागा भरतो, आणि अशी भरतो की दाब, वारा, तापमान एकमेकांशी भांडत नाहीत. रिचर्डसनला जे जमले नव्हते ते इथे ऐंशीहून अधिक वर्षांतल्या प्रत्येक तासासाठी केलेले आहे. ग्राफकास्टने वाचली ती ही वही.

मॉडेल नेमके करते काय

ग्राफकास्टला १९७९ ते २०१७ अशी ३९ वर्षे दाखवली गेली. पृथ्वीवर पाव अंशाची जाळी टाकली की दहा लाखांहून थोडे अधिक बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर जमिनीलगतचे पाच आणि वरच्या ३७ पातळ्यांवरचे प्रत्येकी सहा घटक, म्हणजे एकूण २२७ आकडे. सगळे मिळून एका क्षणाचे चित्र सुमारे साडेतेवीस कोटी आकड्यांचे होते. मॉडेलला आत्ताचे आणि सहा तासांपूर्वीचे अशी दोन चित्रे मिळतात, आणि त्याने सहा तासांनंतरचे चित्र द्यायचे असते. ते चित्र पुन्हा त्यालाच भरवायचे की बारा तासांनंतरचे मिळते. असे चाळीस वेळा केले की दहा दिवस.

आतली रचना मला फार सुंदर वाटते. अक्षांश-रेखांशाच्या जाळीत ध्रुवांपाशी बिंदूंची उगाच गर्दी होते. म्हणून हे मॉडेल आपले काम वीस त्रिकोणी बाजूंच्या एका घनाकृतीवर करते. तिचे त्रिकोण सहा वेळा बारीक केले की पृथ्वीभर जवळपास सारख्या अंतरावर पसरलेले ४०,९६२ बिंदू मिळतात. गंमत अशी की बारीक करताना आधीच्या लांब जोडण्या पुसून टाकत नाहीत. त्यामुळे शेजारच्या बिंदूची बातमी आखूड रेषेवरून येते आणि हजारो किलोमीटरवरची बातमी लांब रेषेवरून एका झटक्यात येते. ही बांधणी हवामानाच्या स्वभावाला धरून आहे, कारण हवामानात जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच वेळी कामाला लागलेले असतात.

मॉडेलमधल्या चलांची, म्हणजे शिकताना ठरत जाणाऱ्या आकड्यांची, संख्या ३.६७ कोटी, म्हणजे आजच्या भाषा मॉडेलांच्या तुलनेत अगदीच लहान. प्रशिक्षणाला ३२ टीपीयू (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठीच बनवलेल्या) चिप आणि सुमारे चार आठवडे लागले. एकदा शिकून झाले की दहा दिवसांचा अंदाज एका चिपवर मिनिटभराच्या आत निघतो. पारंपरिक मॉडेलला त्यासाठी शेकडो यंत्रांचा महासंगणक लागतो, कारण ते प्रत्येक चौकटीत प्रवाही पदार्थांची समीकरणे छोट्या छोट्या कालखंडांनी सोडवत पुढे सरकते. ग्राफकास्टमध्ये एकही समीकरण लिहिलेले नाही.

मग त्याला भौतिकशास्त्र कळते का? 'पांगू-वेदर' या हुआवेच्या मॉडेलवर संशोधकांनी एक चांगली कसोटी लावून पाहिली. त्यांनी वातावरणाच्या एका सरासरी चित्रात कृत्रिम धक्के दिले: विषुववृत्ताजवळ उष्णता ओतली, एक छोटे वादळाचे बीज ठेवले, वारा आणि दाब यांचे संतुलन मोडले. अशी चित्रे मॉडेलने कधी पाहिलेली नव्हती. तरी त्याचा प्रतिसाद पुस्तकातल्या भौतिकशास्त्राच्या बराच जवळ निघाला. वही नुसती पाठ झालेली नव्हती, तिच्यातले काही नियम आत उतरले होते. काही. सगळे नाहीत.

नऊ आणि सहा यांतला फरक

वादळाचा मार्ग बव्हंशी भोवतालची हवा ठरवते. चक्रीवादळ हे वाहत्या पाण्यातल्या भोवऱ्यासारखे असते. ओढा ज्या बाजूला वळेल तिकडे भोवरा जातो. 'ली'च्या बाबतीत हा ओढा म्हणजे अटलांटिकवर ठाण मांडून बसलेले उच्च दाबाचे क्षेत्र आणि उत्तर अमेरिकेवरून पूर्वेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे. उच्च दाबाच्या कडेकडेने वादळ वायव्येला जाणार, आणि मध्ये फट पडली की उत्तरेला वळणार. ते वळलेही. १४ तारखेच्या सुमारास बर्म्युडाच्या पश्चिमेकडून ते वर सरकले. फट कधी पडेल यावर सगळे अवलंबून होते, आणि ही फट हजारो किलोमीटरच्या पसाऱ्यातली गोष्ट आहे. असे मोठे पसारे ईआरए-५ च्या ३९ वर्षांत हजारो वेळा घडलेले, नीट नोंदलेले आहेत. ग्राफकास्टची ताकद नेमकी तिथे आहे.

एका वादळाचा दाखला योगायोगही असू शकतो, ही शंका रास्त आहे. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेले मोजमाप पाहावे. युरोपीय केंद्राच्या त्या वेळच्या सर्वोत्तम एकेरी, म्हणजे एकच शक्यता सांगणाऱ्या, अंदाजाशी १,३८० कसोट्यांवर तुलना झाली, आणि ९० टक्के कसोट्यांवर ग्राफकास्ट पुढे होते. २०१८ ते २०२१ मधल्या चक्रीवादळांच्या मार्गातही त्याची चूक कमी होती. दर दशकाला एक दिवस या वेगाच्या हिशेबात तीन दिवसांची आघाडी म्हणजे तीस वर्षे, पण एका वादळावरून असे गणित मांडणे गैर आहे. सरासरी फायदा त्याहून बराच कमी होता.

आता मुख्य मुद्दा. ७ सप्टेंबरला ग्राफकास्टला जी सुरुवातीची चित्रे मिळाली ती त्याने स्वतः बनवलेली नव्हती. रोज येणाऱ्या कोट्यवधी निरीक्षणांना भौतिकशास्त्राच्या मॉडेलशी जुळवून 'आत्ताचे वातावरण' तयार करणे हे काम महासंगणकाने केले होते. म्हणजे 'ली'चा नऊ दिवस आधीचा अंदाज तीन थरांवर उभा होता: महासंगणकाने लिहिलेली वही, महासंगणकाने त्या दिवशी दिलेले पहिले पान, आणि मग मॉडेलचे मिनिटभराचे काम. बातमी झाली ती तिसऱ्या थराची.

विज्ञानाच्या दुसऱ्या शाखांतही हेच दिसते. प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्डमागे १९७१ पासून प्रयोगशाळांनी एकेक करून सोडवून ठेवलेल्या प्रथिनांच्या रचनांचे सार्वजनिक भांडार होते. कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या विषयात काय करू शकेल असे एखादा संशोधक विचारतो, तेव्हा मला आधी विचारावेसे वाटते: तुमच्याकडे अशी वही आहे का, आणि ती कोणी किती काळजीने लिहिली आहे?

जे वहीत नव्हते

'ली'च्या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. मार्ग ओळखण्यात तरबेज असलेल्या या मॉडेलांना वादळाची तीव्रता मात्र नीट सांगता येत नव्हती. 'ली'ने एका दिवसात घेतलेली उसळी डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत घडते, आणि ती भिंत दहा-वीस किलोमीटर रुंदीची असते. ३१ किलोमीटरच्या जाळीत ती भिंत नीट उमटतच नाही. म्हणून ईआरए-५ मध्ये जुनी मोठी वादळे त्यांच्या खऱ्या ताकदीपेक्षा मवाळ नोंदलेली आहेत. गुरूनेच वादळ मवाळ दाखवले तर शिष्य ते तसेच शिकणार.

त्यात शिकवण्याच्या पद्धतीने भर घातली. ग्राफकास्टला प्रत्येक चुकीचा वर्ग (चूक गुणिले तीच चूक) काढून त्या वर्गांची सरासरी कमीत कमी ठेवायला शिकवले होते. समजा वादळ इथे किंवा दोनशे किलोमीटर पलीकडे असेल आणि मॉडेलला खात्री नसेल. एक जागा ठामपणे निवडून ती चुकली तर शिक्षा दुप्पट: जिथे वादळ दाखवले तिथे ते नाही, आणि जिथे आहे तिथे दाखवले नाही. त्यापेक्षा दोन्हीकडे थोडे थोडे वादळ दाखवणे त्याला परवडते. जसजसे दिवस पुढे जातात तसे चित्र पुसट होत जाते. सरासरी गुण चांगले मिळतात, पण ज्यासाठी अंदाज हवा असतो ती टोके बोथट होतात.

त्याच वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला 'किआरान' वादळ वायव्य युरोपवर आले. चार कृत्रिम बुद्धिमत्ता मॉडेलांची त्यावर तपासणी झाली. वादळाचा एकूण आकार, मार्ग, वेळ सगळ्यांनी चांगली पकडली. सर्वात जोरदार वारे मात्र कमी दाखवले. छपरे उडतात आणि झाडे पडतात ती याच वाऱ्यांनी.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वात बोलका वाटतो. संशोधकांनी 'फोरकास्टनेट' हे मॉडेल नव्याने शिकवले, पण प्रशिक्षणातून तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सगळी वादळे काढून टाकली. मग त्याला पाचव्या श्रेणीच्या वादळांपुढे उभे केले. मॉडेलने ती सातत्याने कमकुवत सांगितली. एक आशादायक गोष्टही निघाली: एका महासागरातली तीव्र वादळे वहीतून वगळली पण दुसऱ्या महासागरातली ठेवली, तर मॉडेल तिकडचा धडा इकडे वापरू शकत होते. पण कुठेच न पाहिलेले वादळ त्याला सुचत नव्हते. हवामान बदलत असताना, जे आजवर घडलेले नाही त्याचीच आपल्याला जास्त भीती आहे, आणि तिथे समीकरणे सोडवणारा महासंगणक अजून लागतो.

२०२३ मध्येच पांगू-वेदरबाबत आणखी एक उणीव दाखवली गेली. खऱ्या वातावरणात सुरुवातीची अगदी बारीक चूक झपाट्याने वाढते. ज्याला फुलपाखराचा परिणाम म्हणतात तो हाच. या मॉडेलमध्ये बारीक चुका तशा वाढतच नव्हत्या. म्हणजे हवामान जितके बेभरवशाचे आहे त्याची जाणीव मॉडेलला नव्हती. ७ सप्टेंबरला नोव्हा स्कोशियाकडे जाणारी ग्राफकास्टची रेषा एकच होती. तिच्यावर किती विश्वास ठेवावा हे ती रेषा स्वतः सांगत नव्हती, आणि त्या दिवशी तिच्याकडे पाहणाऱ्या कोणालाही पुढे ती खरी ठरणार हे कळायला मार्ग नव्हता. नऊ दिवस आधीच्या एका रेषेवर बंदरे रिकामी करता येत नाहीत. पारंपरिक पद्धतीत म्हणूनच १९९२ पासून थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातींचे अनेक अंदाज एकत्र चालवतात. याला समूह-अंदाज म्हणतात. सगळे एका बाजूला झुकले तर भरवसा वाढतो, पांगले तर सावध राहायचे.

त्यानंतरची दोन वर्षे

उणिवा दिसल्या तसे त्यांवर काम सुरू झाले, आणि मला या क्षेत्राबद्दल आदर वाटतो तो यासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या 'जेनकास्ट'ने एका रेषेऐवजी पन्नास आणि त्याहून अधिक शक्यता काढल्या. पंधरा दिवसांची एक शक्यता एका चिपवर आठ मिनिटांत. प्रत्येक शक्यता स्वतंत्र आणि ठसठशीत असल्याने चित्र पुसट होण्याचा दोषही बराच गेला. युरोपीय केंद्राच्या समूह-अंदाजाशी १,३२० कसोट्यांवर तुलना केली तेव्हा ९७.२ टक्के ठिकाणी ते सरस ठरले.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी युरोपीय केंद्राने एआयएफएस हे स्वतःचे कृत्रिम बुद्धिमत्ता मॉडेल नियमित सेवेत आणले. काही मोजमापांवर ते २० टक्क्यांपर्यंत सरस आहे, चक्रीवादळांचे मार्ग त्यातच येतात, आणि अंदाज काढायला सुमारे हजारपट कमी ऊर्जा लागते. तरी केंद्राने जुने मॉडेल बंद केले नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, आणि दोघांनाही सकाळचे पहिले पान एकाच ठिकाणाहून मिळते.

तीव्रतेच्या प्रश्नावर जून २०२५ मध्ये डीपमाइंडने जो उपाय केला तो साधा आणि अगदी योग्य होता. वही अपुरी आहे हे ओळखून दुसरी वही जोडली. पुनर्विश्लेषणाच्या बरोबरीने गेल्या ४५ वर्षांतल्या सुमारे ५,००० चक्रीवादळांच्या प्रत्यक्ष नोंदी, म्हणजे मार्ग, तीव्रता, आकार, वाऱ्यांचा घेर, असे सगळे मॉडेलला शिकवले. वादळात विमाने घालून आणि उपग्रहांची चित्रे बारकाईने वाचून माणसांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या या नोंदी आहेत.

महासंगणकाचा दुसरा थर, म्हणजे त्या दिवसाचे पहिले पान, वगळून निरीक्षणांवरून थेट अंदाजाकडे जाण्याचे प्रयत्नही चालू आहेत. केंब्रिजमधून मार्च २०२५ मध्ये पुढे आलेले 'आर्डवार्क' त्यांपैकी एक. ते उपग्रह आणि केंद्रांची कच्ची निरीक्षणे घेते आणि ते पान तयार करण्यासाठी महासंगणकाकडे जात नाही. पण बरोबर उत्तर कोणते हे शिकवताना त्याच्यासमोरही ईआरए-५ च ठेवले होते.

दरम्यान युरोपीय केंद्रात पुढच्या आवृत्तीचे, ईआरए-६ चे काम सुरू आहे. तिची जाळी सुमारे १४ किलोमीटरची आहे, म्हणजे जुन्या जाळीतल्या एका चौकटीच्या जागी जवळपास पाच. 'ली'च्या डोळ्याभोवतीची ती भिंत या वहीत पूर्वीपेक्षा स्पष्ट उमटायला हवी.